फनारच्या चादरी

नकाशे कुणाकडेच नव्हते.
कंपनीचं दप्तर दम्मामला गेलं, तिथून म्हणे रद्दीत.
म्हणून जुबैलमधलं सात मजली हॉटेल पाडायच्या आधी
त्यांनी मला शोधून काढलं:
दिलावर सरगुरोह, धुलाईखाना, तळघर,
सन ब्याऐंशीपासून.
'चाचा, पाणी कुठून येतं तेवढं दाखवा.'

म्हटलं, पाणी समुद्रातूनच येतं, मीठ काढून.
आपण फक्त साबण घालतो.
नूरुल मुकादम हसला नाही.
त्याला महिनाअखेर जमीन सपाट हवी होती.

फनार म्हणजे दीपस्तंभ.
गच्चीवर हिरवा दिवा होता खरा,
पण रिफायनरीच्या ज्वाळेपुढे
तो आम्हालाच दिसायचा नाही, जहाजांना काय दिसणार?

बाकीचा इतिहास मी चादरींवरून सांगेन.
पहिली पाच वर्षं नुसतं ग्रीस.
कोरियाहून आलेले वेल्डर, बुटांसकट झोपणारे.
कॉस्टिक, रॉकेल, उकळतं पाणी,
तरी मधोमध माणसाएवढी राखाडी सावली उरायचीच.
एक मिस्टर पाक तेवढे
चादर स्वतः घडी करून दारात ठेवायचे,
वर एक संत्रं.

मग नव्वदचा ऑगस्ट.
कुवेतहून गाड्या आल्या,
टपावर गाद्या, मांडीवर पिंजरा, पिंजऱ्यात पोपट.
एकेका खोलीत नऊ नऊ माणसं.
चारशे अकरातल्या बाईनं
सहा महिने चादर बदलू दिली नाही.
म्हणायची, कशाला, उद्या निघायचंय.
काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या,
आणि भोंगा झाला की सगळं हॉटेल खाली माझ्याकडे,
मशीनांच्या मधल्या बोळात:
मॅनेजर, काउंटरवरचा कुर्यकोस, हद्रमौतचा म्हातारा दरवान,
पोपटसुद्धा.
मी ड्रायर रिकामेच फिरवत ठेवायचो.
बाहेरच्या आवाजावर घरचा आवाज.

ती गेली तेव्हा चारशे अकराची चादर खाली आली.
घडी मोडलेली नव्हती.

त्यानंतरचं काय सांगायचं.
किनाऱ्यावर काचेची हॉटेलं झाली,
आमच्याकडे शटडाउनपुरते फिटर,
मग तेही नाहीत; खोल्यांत तीन-तीन मजली खाटा टाकल्या,
ज्याचं त्याचं ब्लँकेट ज्याच्या त्याच्याकडे.
धुलाईखान्याला कुलूप.
मी बाजारातल्या इस्त्रीवाल्याकडे लागलो.

तर बॅटरी घेऊन उतरलो.
तिसऱ्या बॉयलरच्या मागे, गुडघ्याएवढ्या उंचीवर,
लाल चाक. गंजून बसलेलं.
नूरुलनं घण मागवला. मी म्हटलं, थांब.
खिशातली साबणाची वडी आट्यांवर घासली,
थुंकलो, आणि दोन्ही हातांनी पिळलं,
ओली चादर पिळतात तसं.
नळ खोकले. सातव्या मजल्यापासून खाली खाली
काहीतरी उतरत आलं, माझ्या पायाशी थांबलं.
'झालं?' त्यानं विचारलं.
झालं.

पाडताना गेलो नाही, ड्यूटी होती.
त्यानं मोबाइलवर फोटो पाठवला:
धूळ, क्रेन, आणि अर्ध्या फोटोत त्याचाच अंगठा.

आता केळशीला या.
आमच्या आळीत अजून फनार आहे.
उमरच्या होडीत इंजिनावर एक पांघरलेलं,
झुलेखाबीच्या न्हाणीला पडदा,
मुकादमांच्या दोन पिढ्या त्याच्याच झोळीत निजल्या.
आमच्या अंगणात सकीना त्यावर आमसुलं वाळवते.
कोपऱ्यात निळा शिक्का, दिव्याचा.
ती शाई मीच घोटली होती, कधी जाऊ नये म्हणून,
आणि शेजारी आता कोकमाचा डाग, तोही जाणार नाही.
आयुष्यभर डाग काढले, हे दोन राहू देत.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नव्हती.
आता ऐकायला मालक नाही, मॅनेजर नाही, भिंतही नाही.
दर सुट्टीला ट्रंकेच्या तळाशी चार-पाच चादरी यायच्या.
वहीत माझ्या अक्षरात त्यांच्यापुढे लिहिलंय,
'फाटली.'

एकही फाटलेली नव्हती.